शाळा सुटली, पण शिकणे सुटू नये

दहावी-बारावी पास झालेल्या मुलामुलींचे सत्कार आपण विहारात हौसेने करतो, आणि ते केलेच पाहिजेत. पण ज्यांची शाळा मधेच सुटली त्यांचे काय? कुणी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला, कुणी वीटभट्टीवर, कुणी धाकटी भावंडे सांभाळत घरीच राहिली. त्यांच्यासाठी आजवर काय झाले, ते आपण थोडक्यात पाहू.

परमपूज्य बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. वसतिगृहे आणि वाचनालये यांच्याबरोबर औद्योगिक व शेतकी शाळा काढणे हाही तिचा उद्देश होता. पुस्तक आणि हुन्नर यांची फारकत बाबासाहेबांनी केली नव्हती.

सरकारची 'ट्रायसेम' योजना १९७९ मध्ये आली. खेड्यातल्या १८ ते ३५ वयाच्या तरुणांना स्वयंरोजगाराचे शिक्षण देणे हे तिचे काम. पण हाताला काम आले तरी साहेबापुढे बोलायचे कसे, व्यसनाला नाही म्हणायचे कसे, हे वेगळेच शिक्षण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० नंतरच्या दशकात त्याला 'जीवनकौशल्ये' म्हणून पुढे आणले. निर्णय घेणे, अडचण सोडवणे, मन आवरणे, नीट बोलणे अशी ती दहा कौशल्ये.

लातूरकरांनी हे शिक्षण संकटातून घेतले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पुढे घरदुरुस्तीच्या कामात 'स्वयं शिक्षण प्रयोग'च्या मदतीने गावोगावच्या बाया 'संवाद सहाय्यक' झाल्या, बांधकाम समजून घेऊन इंजिनिअरला प्रश्न विचारू लागल्या.

आपल्याच मराठवाड्यात, पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या आरोग्य संस्थेने त्याच दशकाच्या अखेरीस शाळा सुटलेल्या आणि मजुरी करणाऱ्या मुलींसाठी वर्ग काढले. रोज संध्याकाळी एक तास, असे वर्षभर. शिकवणारी गावातलीच, सातवीच्या पुढे शिकलेली बाई. पूर्वी तिथल्या निम्म्या मुलींची लग्ने १६ व्या वर्षापर्यंत उरकत. १९९७ ते २००१ या काळात ते वय १७ वर गेले. कायद्याचे १८ दूरच राहिले. पण पोरीच्या आयुष्यातले एक वर्ष म्हणजे थोडे नव्हे!

नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राची 'सबला' योजना देशातल्या २०५ जिल्ह्यांत सुरू झाली. ११ ते १८ वयाच्या मुलींना, त्यातही शाळाबाह्य मुलींना, अंगणवाडीत आहार, आरोग्याची माहिती आणि जीवनकौशल्ये मिळू लागली. त्यात नांदेड होते, शेजारचे लातूर नव्हते. तिथे जुनी 'किशोरी शक्ती'च राहिली. २०१८ मध्ये 'सबला' संपली. तिच्या जागी आलेली योजना पुढे महाराष्ट्रात फक्त आकांक्षित जिल्ह्यांपुरती उरली आणि त्यांत ना नांदेड, ना लातूर.

योजना येतात नि जातात, जिल्ह्याच्या शिवेवर अडतात. विहार मात्र आपल्या वस्तीतच असतो. संध्याकाळच्या वंदनेनंतर एक तास, सतरंजी, दिवा आणि वस्तीतली एखादी शिकलेली ताई, एवढे तर आपल्याकडे आहे ना? तेव्हा बंधू-भगिनींनो, पुढच्या वर्धापनदिनी गुणवंतांच्या रांगेत शाळा सुटलेल्या लेकरांनाही बसवू या, आणि त्याआधी त्यांना उद्या संध्याकाळी विहारात बोलावू या.

जयभीम!