झणझणीत रस्सा आणि शिराझ

जेवण झणझणीत असेल तर रेड वाइनही दणकटच हवी, हे मत आता शास्त्रवचनासारखे मानले जाते. चेन्नईच्या शोळिंगनल्लूरमध्ये आयटी कंपन्यांत नोकरीला आलेल्या मराठी घरांतही हाच सल्ला दिला जातो: कोल्हापुरी असो की चेट्टिनाड, सोबत शिराझ उघडा. हा सल्ला मला मान्य नाही. त्यापायी चांगला रस्सा आणि चांगली वाइन, दोन्ही वाया जातात.

पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. हलकी वाइन मसाल्याखाली दबून जाते, हे त्याचे म्हणणे खरे आहे. पण दुसरा युक्तिवाद टिकत नाही. मिरचीतले कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून वाइनने तोंड निवते, असे सांगतात. शिराझमध्ये अल्कोहोल असते 13-14 टक्के, उरलेले बहुतेक पाणीच. एवढ्याने कॅप्सेसिन धुतले जात नाही. उलट, कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या ग्राहीला चेतवते तो मुळात उष्णतेची वर्दी देणारा, साधारण 42 अंशांना जागा होणारा. अल्कोहोलमुळे त्याचा हा उंबरठा 34 अंशांच्या आसपास उतरतो, असे 2002 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. तोंड तर त्याहून गरम असते. त्यात टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवते आणि जांभूळ खाल्ल्यावर होते तशी जीभ खरखरीत होते. मिरचीने आधीच पोळलेल्या जिभेला हा तुरटपणा दुप्पट बोचतो.

मग दणकट रेडला काय मानवते? चरबी, मीठ, मांसातली प्रथिने आणि खरपूस भाजणे. मिरची बेताची घातलेले सुके मटण घ्या, भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचे, कडेने तेल सुटलेले. आधी घास चावायचा, मग घोट घ्यायचा. टॅनिनला धरायला लाळेखेरीज मांसाची प्रथिनेही मिळतात, तुरटपणाची धार बोथट होते आणि वाइनमधले फळ वर येते. मसाल्याशी रेडचे वैर नाहीच. वैर आहे ते मिरचीच्या जाळाशी. आपल्या काळ्या मसाल्यातले दगडफूल तमिळ स्वयंपाकात कल्पासी या नावाने चेट्टिनाड मसाल्यात पडते. त्याचा मातकट, धुरकट वास शिराझशेजारी खुलतो. मिऱ्याचे नाते तर त्याहून जवळचे. काळ्या मिऱ्याचा वास ज्या रोटंडोन या द्रव्यामुळे येतो, तेच शिराझमध्येही असल्याचे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 साली दाखवून दिले. थंड हवेतल्या द्राक्षांत ते अधिक असते, त्यामुळे नाशिकच्या शिराझकडून त्याची फार अपेक्षा धरू नये. तरीही मिरची आवरून मिरे वाढवलेले चेट्टिनाड मटण तिच्यासोबत मला कोल्हापुरी तांबड्या रश्श्यापेक्षा कितीतरी योग्य वाटते.

आणखी एक रूढ समज खोडायलाच हवा: रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी. हा नियम युरोपातल्या गार घरांचा आहे. शोळिंगनल्लूरला मे महिन्यात रात्रीही खोली 30 अंशांच्या आसपास असते. त्या उबेत शिराझचे फक्त अल्कोहोल नाकात चढते, फळ हरवते. तिला 16 ते 18 अंश हवेत. तास-दीड तास फ्रीज, किंवा घाई असेल तर बर्फ-पाण्याच्या बादलीत पंधराएक मिनिटे. रेड फ्रीजमध्ये ठेवणे अडाणीपणाचे, असे मानणाऱ्यांनी कोमट आणि गार असे दोन पेले शेजारी ठेवून एकदा चाखावेत.

माशाबाबतचा जुना निषेध मात्र मी मोडणार नाही, पण त्याचे कारण वाइनच्या रंगात नाही. रेड वाइनमधल्या लोहामुळे मासळीच्या घासानंतर तोंडात उग्र वास उरतो, हे जपानमधल्या संशोधकांनी 2009 साली शिंपल्यातल्या मांसावर तपासून मांडले. लोह कमी असलेल्या रेडने तो त्रास होत नाही, पण बाटलीवर लोहाचे प्रमाण छापलेले नसते. म्हणून इथल्या बाजारातून वंजिरम, म्हणजे आपली सुरमई, आणून तळणार असाल, तर शिराझ बाजूला ठेवून नाशिकची शेनिन ब्लाँ उघडा.