मुलांच्या पायांचे गाव : माथेरान

मुलांना घेऊन चार दिवस थंड हवेच्या ठिकाणी जायचे ठरले, की घरात पहिला प्रश्न निघतो, तिथे मुलांनी करायचे काय? मोठी माणसे खुर्ची टाकून डोंगर बघत बसतील. पण आठ-दहा वर्षांचे पोर डोंगराकडे किती वेळ बघणार? याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटरवर माथेरान आहे. तिथे मोटार दस्तुरी नाक्यावरच थांबते. पुढे पायी, घोड्यावर, नाहीतर छोट्या आगगाडीने. तांबड्या मातीच्या रस्त्यावर पोराचा हात सोडला तरी आईच्या जिवाला घोर नाही. मुलांच्या दृष्टीने एवढी एक गोष्टसुद्धा पुष्कळ झाली!

पुस्तकांतून आपण वाचतो, की माथेरानचा ‘शोध’ १८५० साली लागला. ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्स मॅलेट त्या वर्षीच्या मे महिन्यात डोंगराच्या पायथ्याशी चौक गावी मुक्कामाला होते. ज्याला आज वन ट्री हिल म्हणतात त्या बाजूने ते चढले आणि रामबागेच्या वाटेने उतरले. जागा मनात भरली, म्हणून त्याच वर्षी नोव्हेंबरात पुन्हा आले, आणि पुढच्या वर्षी त्यांनी घर बांधले. हे सगळे खरे. पण ज्या वाटेने साहेब चढले ती वाट कोणाच्या पायांनी पडली होती? धनगर गुरे घेऊन वर जात होते, ठाकूर आणि कातकरी रानात हिंडत होते. डोंगराला नावसुद्धा होतेच, माथ्यावरचे रान ते माथेरान. तेव्हा गुरुजी, वर्गात हा धडा शिकवताना ‘शोध लागला’ म्हणण्याऐवजी ‘सरकारदरबारी नोंद झाली’ म्हणून पाहा. पोरे लगेच विचारतील, असे का? ती विचारतील तिथेच इतिहासाचा तास सुरू झाला असे समजा.

पुढे लॉर्ड एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना इथे रस्ते आखले गेले, बंगले उठले. १८५६ साली मुंबईहून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग झाला आणि नेरळ हे डोंगराचे दार बनले. नेरळहून वर मात्र डोली, तट्टू किंवा स्वतःचे पाय. पन्नास वर्षे हे असेच चालले.

आता येते मुलांच्या आवडीची गोष्ट, झुकझुक गाडीची. मुंबईचे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी हा मार्ग बांधायचा ध्यास घेतला. काम १९०४ साली सुरू झाले आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी धावू लागली. खर्च आला सोळा लाख रुपये. त्या काळचे सोळा लाख, बरं का! आणि तेही सरकारी तिजोरीतले नव्हेत, घरचे.

ही गाडी ‘खेळण्यातली’ वाटते, पण तिची करामत खेळण्यातली नाही. मोठ्या गाडीच्या दोन रुळांत साडेपाच फुटांचे अंतर असते, इथे फक्त दोन फूट. भोर घाटात सदतीस फूट पुढे जावे तेव्हा गाडी एक फूट वर चढते, इथे वीस फुटांतच एक फूट. शाळेच्या अंगणात हे करून दाखवता येते. वीस हात दोरी घ्या, एक टोक जमिनीवर ठेवा, दुसरे एक हात उंच धरा. मुले म्हणतील, एवढासाच तर चढ! मग त्यांना सांगा, की लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते. अशा चढावर नुसते इंजिन नव्हे, मागचे भरलेले डबेही वर न्यायचे असतात. म्हणून मार्ग सरळ न नेता डोंगराला वेटोळे घालीत नेला आहे. मोटार निम्म्याहून कमी अंतरात दस्तुरीला पोहोचते, गाडी मात्र सुमारे एकवीस किलोमीटर फिरते. वळणे इतकी अरुंद, की साधे इंजिन तिथे अडकावे. त्यासाठी जर्मनीतून खास इंजिने आणली. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या चाकांना वळणाबरोबर थोडे वळू देण्याची सोय होती. वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज अशी स्टेशने. बोगदा एकच आणि तोही एवढा आखूड, की मुलांनी ओरडायला तोंड उघडावे तोवर पुन्हा उजेड!

वाफेची इंजिने गेली, डिझेलची आली. २६ जुलै २००५ च्या पावसात मार्ग जागोजाग वाहून गेला. तो पुन्हा सुरू झाला २००७ साली, गाडीची शंभरी भरली त्याच वर्षी. २०१६ मध्ये डबे घसरल्यामुळे गाडी बंद झाली, २०१८ मध्ये परत आली. २०१९ च्या पावसाने पुन्हा घात केला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ती पुन्हा नेरळहून निघाली. एवढ्या वेळा पडून उठणारी दुसरी गाडी मला तरी ठाऊक नाही.

वर पोहोचल्यावर मुलांना चिक्की हवी असते, घोडा हवा असतो. द्यावा. पण एको पॉइंटवर त्यांना जरा थांबवा. नुसते स्वतःचे नाव ओरडून भागणार नाही. एकाने जोराने टाळी द्यावी, दुसऱ्याने घड्याळ धरावे. आवाज एका सेकंदात सुमारे तीनशे चाळीस मीटर जातो. प्रतिध्वनी यायला लागलेला वेळ या आकड्याने गुणा आणि निम्मा करा, कारण आवाज जाऊन परत आला. समोरच्या कड्याचे अंतर हातात आले. शार्लोट तलावाकाठी पिसारनाथाचे देऊळ आहे, तिथे दुपारची सावली बरी. रानात नशीब असेल तर शेकरू दिसते. माकडे मात्र नशीब नसले तरी दिसतात, आणि हातातला खाऊ घेऊन जातात.

आणखी एक गोष्ट मुलांना दाखवावी. मोटार नाही म्हणजे ओझे नाहीसे झाले असे नव्हे. आपल्या ताटातला तांदूळ, दुकानातले सामान हे घोड्याने किंवा हमालाने वर आणलेले असते. माणसाने ओढायच्या रिक्षा इथे पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. आपण बसायचे, आणि चढावर दुसऱ्याच्या बापाने घाम गाळायचा. डिसेंबर २०२२ मध्ये विजेवरच्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. तोवर आपला देश स्वतंत्र होऊन अठ्ठ्याहत्तर वर्षे होत आली होती.

स्वातंत्र्याचे नाव निघाले म्हणून सांगतो. याच माथेरानात १ डिसेंबर १९१२ रोजी एका सामान्य नाभिक कुटुंबात विठ्ठल कोतवाल जन्मले. लोकांचे भाई कोतवाल. शिकून वकील झाले, शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या, सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून धान्यपेढी काढली. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या ‘आझाद दस्त्या’ने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांना घेरले. त्या गोळीबारात ते आणि त्यांचे तरुण सोबती हिराजी पाटील हुतात्मा झाले. वय अवघे तीस. माथेरानच्या पूर्वेच्या कड्यावरून सह्याद्रीची मुख्य रांग दिसते, सिद्धगड त्याच रांगेत आहे. मुलांना ती दिशा बोटाने दाखवावी.

सहल काढायची तर दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, फक्त अमन लॉज ते माथेरान एवढीच फेरी चालते. कड्यांना सगळीकडे कठडे नाहीत, तेव्हा दहा मुलांमागे एक जाणते माणूस हवेच. आणि पायांत जुन्या वहाणा असाव्यात. ती तांबडी माती एकदा लागली, की लवकर जात नाही.