मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यातील नोकरवर्ग : हुद्दा, भाषा आणि मोजणी (१८२३–१९०९)

मुंबई इलाख्यातील सार्वजनिक बांधकाम खात्याचा इतिहास बहुधा त्या खात्याने उभारलेल्या वास्तूंच्या आधारे सांगितला जातो. मुंबईच्या ओव्हल मैदानाकडे तोंड करून उभ्या असलेल्या सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय व खुद्द बांधकाम खात्याची कचेरी या इमारती, खडकवासल्याचे धरण, नीरेचा कालवा ही त्या इतिहासातील ठळक प्रकरणे होत. परंतु खाते म्हणजे केवळ त्याची कामे नव्हेत. खाते म्हणजे नोकरांची एक उतरंडही असते, आणि कोणते काम कोणी करावे, कोणी तपासावे व कोणाच्या सहीने ते पुरे झाले असे मानावे, याचे नियम त्या उतरंडीत गोठलेले असतात. या नियमांकडे पाहिले असता एक विसंगती प्रकर्षाने जाणवते. कामाशी नोकराचा संबंध जितका निकटचा, तितका त्याचा अधिकार व वेतन कमी, आणि तितकाच त्याच्यावरील विश्वासही कमी. ही विसंगती कशी निर्माण झाली व तिचे परिणाम काय झाले, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

१

स्वतंत्र खाते अस्तित्वात येण्यापूर्वी रस्ते, पूल व सरकारी इमारती यांची कामे लष्करी मंडळाच्या देखरेखीखाली चालत आणि त्यांवरील अधिकारी लष्करातील इंजिनिअर असत. त्यांच्या हाताखाली मोजणी व आखणी जाणणारी माणसे हवीत, ही गरज मात्र फार लवकर भासू लागली. तीतूनच १८२३ साली मुंबईस जॉर्ज रिट्सो जार्व्हिस यांच्या देखरेखीखाली इंजिनिअरिंगची एक शाळा सुरू झाली. या शाळेचे वैशिष्ट्य असे की, तेथील एतद्देशीय विद्यार्थ्यांना मराठी व गुजराती या भाषांतून शिक्षण दिले जाई. त्यासाठी जार्व्हिस यांनी जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्याने गणितावरील ग्रंथ मराठीत तयार केले. १८२९ साली प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्र भाषेच्या कोशाचे काम करणाऱ्या पंडितांत हेच क्रमवंत प्रमुख होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मराठी शब्दांची मोजदाद आणि मराठीतून भूमिती शिकविण्याचा खटाटोप हे दोन्ही उद्योग एकाच काळी, एकाच माणसाच्या हातून होत होते.

ही शाळा १८३२ साली बंद करण्यात आली. पुढे १८४० नंतरच्या दशकात शिक्षणमंडळात माध्यमाचा वाद उद्भवला, तेव्हा जार्व्हिस व जगन्नाथ शंकरशेट यांनी देशी भाषांची बाजू घेतली आणि सर अर्स्किन पेरी यांनी इंग्रजीची. त्या वादाचा विचार सामान्यतः शिक्षणाच्या इतिहासात होतो. परंतु तांत्रिक नोकरीच्या दृष्टीने त्याचा अर्थ अधिक थेट होता. यंत्रविद्येचे व स्थापत्याचे ज्ञान कोणत्या भाषेत राहणार, या प्रश्नाच्या उत्तरावर ते ज्ञान कोणत्या हुद्द्यापर्यंत पोचणार, हेही अवलंबून होते.

२

लॉर्ड डलहौसीच्या कारकीर्दीत, १८५४-५५ च्या सुमारास, लष्करी मंडळाकडील हे काम काढून घेऊन स्वतंत्र बांधकाम खात्याची स्थापना झाली. त्याच १८५४ साली पुण्यास इंजिनिअरिंगचा वर्ग उघडण्यात आला. या वर्गाचा उद्देश नव्या खात्यासाठी दुय्यम नोकर तयार करणे हा होता. खाते आणि त्याला कनिष्ठ नोकर पुरविणारी शाळा एकाच वर्षी जन्मास यावीत, हा योगायोग नव्हे. अधिकारी कोठून यावयाचे आणि दुय्यम नोकर कोठून, याची विभागणी खात्याच्या कल्पनेतच अंतर्भूत होती.

खात्याची रचना पायऱ्यापायऱ्यांची होती. इलाख्याचा मुख्य इंजिनिअर, अनेक जिल्ह्यांच्या मंडलावर सुपरिंटेंडिंग इंजिनिअर, विभागावर एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर आणि त्याच्या हाताखाली असिस्टंट इंजिनिअर, असा अधिकाऱ्यांचा वर्ग होता. त्याखाली सुपरवायझर व ओव्हरसियर हा वरिष्ठ दुय्यम वर्ग, आणि त्याहून खाली सब-ओव्हरसियर, मिस्त्री व कारकून यांचा कनिष्ठ वर्ग. या सर्वांच्या खाली, खात्याच्या नोकरांत ज्याची गणना होत नसे असा मुकादम, गवंडी, पाथरवट, वडार व बिगारी यांचा समुदाय होता.

अधिकाऱ्यांचा वर्ग प्रारंभी लष्करी इंजिनिअरांतून भरला जाई. १८५७ नंतर कामे वाढली आणि तेवढे लष्करी इंजिनिअर पुरेनात, म्हणून १८५९ पासून विलायतेतून मुलकी इंजिनिअर परीक्षेने निवडून आणण्यास आरंभ झाला. १८७१ साली सरे परगण्यात कूपर्स हिल येथे कर्नल जॉर्ज चेस्नी यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानातील नोकरीसाठी खास महाविद्यालय स्थापन झाले. ते १९०६ पर्यंत चालले. पुण्याच्या संस्थेनेही या काळात प्रगती केली. १८६० नंतरच्या दशकात ती मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाली आणि तेथून पदवीधर बाहेर पडू लागले. तथापि त्यांच्यासाठी अधिकारीवर्गाचे दार किलकिलेच राहिले. पदवी परीक्षेत अग्रक्रम मिळविणाऱ्यास असिस्टंट इंजिनिअरची जागा मिळे. बाकीच्यांना दुय्यम वर्गात शिरावे लागे, किंवा संस्थानांत अगर नगरपालिकांत नोकरी शोधावी लागे.

१८८६ साली सर चार्ल्स एचिसन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या नोकरीविषयक आयोगाने या स्थितीचा विचार केला. आयोगाच्या शिफारशींस अनुसरून १८९२ नंतर इंजिनिअरांचे दोन वर्ग पडले. विलायतेत नेमले गेलेले ते शाही नोकरीतील, व हिंदुस्थानात नेमले गेलेले ते प्रांतिक नोकरीतील. कामाचे स्वरूप तेच, जबाबदारीही तीच, परंतु प्रांतिक इंजिनिअरचे वेतन कमी. जार्व्हिसांच्या काळी जी रेषा भाषेने आखली गेली असती, ती आता नेमणुकीच्या स्थळाने आखली गेली.

३

वरच्या व खालच्या वर्गांतील या अंतराचा प्रत्यक्ष कामाशी संबंध समजण्यासाठी दोन कागदांकडे पाहणे अगत्याचे आहे. एक हजेरीपट आणि दुसरी मोजमापाची वही. रोजंदारीचे काम असेल तर कोण किती दिवस आला, हे हजेरीपटावर लिहिले जाई. मक्त्याचे काम असेल तर किती माती खणली, किती दगड रचला, हे मोजून वहीत भरले जाई, आणि त्यावरून देयक तयार होई. एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरची सही या देयकावर होई. पण त्याचा विभाग विस्तीर्ण, प्रवास घोड्यावरचा, आणि मजुरांची भाषा त्याला बेताचीच अवगत. तो जी संख्या मान्य करी, ती त्याने मोजलेली नसे. ती ओव्हरसियरने अगर मिस्त्रीने मोजलेली असे. खात्याचा सारा हिशेब अशा रीतीने सर्वांत कमी पगाराच्या माणसाच्या फीतमापावर उभा होता. याची खात्याला जाणीव नव्हती असे नाही. तपासणी, फेरतपासणी व नमुन्यांची वाढती संख्या हे त्या जाणिवेचेच फळ होय. मात्र ज्याच्या मापावर सर्व काही अवलंबून, त्याचा दर्जा वाढविण्याऐवजी त्याच्यावरील पहारा वाढविणे, हा मार्ग खात्याने पत्करला.

या मधल्या माणसाच्या सत्तेची दुसरी बाजू महात्मा जोतीराव फुले यांच्या लेखनात दिसते. फुले हे स्वतः पुण्याच्या आसपासच्या सरकारी बांधकामांवरील मक्तेदार होते. खडकवासल्याच्या कामाशीही त्यांचा संबंध आला होता. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गुलामगिरी’ या ग्रंथाला त्यांनी इंजिनिअर खात्यातील ब्राह्मण कामगारांच्या कारवायांवर एक पवाडा जोडला. शाळाखात्यावरील टीकेइतकी या पवाड्याची चर्चा होत नाही. वस्तुतः खात्याच्या रचनेचे इतके जवळून केलेले निरीक्षण त्या काळी दुसरीकडे क्वचितच आढळेल. लिहिता येणारा मधला नोकर, लिहिता न येणारा मजूर आणि दोघांच्याही व्यवहारापासून दूर असलेला गोरा साहेब, हा त्रिकोण फुल्यांनी नेमका ओळखला. त्यांचा रोष जातीवर आहे आणि तो अकारण नाही, कारण साक्षरता त्या काळी जातीने वाटली गेली होती. पण हजेरीपट लिहिणारा व हजेरीपटावर ज्याचे नाव आहे तो, यांच्यातील सत्तेचे अंतर खात्याच्या रचनेने अधिक रुंद केले, हेही तितकेच खरे. ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ मधील ग्रंथात पाटबंधाऱ्यांच्या कारभारावर त्यांनी केलेली टीका याच दिशेची आहे.

१८७६-७८ च्या दुष्काळात हा प्रश्न जीवनमरणाचा झाला. दुष्काळी कामांवर स्त्रिया, मुले व वृद्ध यांचीही गर्दी झाली. मोठी कामे बांधकाम खात्याकडे, तर अशक्तांसाठी गावाजवळची लहान कामे मुलकी अधिकाऱ्यांकडे, अशी विभागणी होती. १८७७ च्या आरंभी खर्चाची काटछाट करण्यासाठी मजुरीचा हिशेब माणशी १ पौंड धान्यावर आणण्यात आला, आणि अंगी बळ असलेल्यांना दूरच्या मोठ्या कामांवर जाण्याची सक्ती झाली. मजुरांनी मोठ्या संख्येने कामे सोडली व पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. या काळात एका माणसाने दिवसाकाठी किती घनफूट खडी फोडली, ही केवळ हिशेबाची बाब उरली नाही. ठरलेले काम भरले नाही तर मजुरी कापली जाई, आणि काम भरले की नाही हे ठरविणारा माणूस तोच कनिष्ठ मोजणीदार होता.

४

या रचनेने एतद्देशीय कर्तबगारी अगदी दडपून टाकली, असे मात्र म्हणता येणार नाही. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्याचे उदाहरण घ्यावे. १८७८ साली पूर्ण झालेल्या या वास्तूचे नकाशे सर गिल्बर्ट स्कॉट यांनी काढले. ते स्वतः कधीही हिंदुस्थानात आले नाहीत. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातिजमातींच्या ज्या मूर्ती आहेत, त्यांचे नमुने खात्यातील असिस्टंट इंजिनिअर रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी तयार केले. वास्तू स्कॉट यांच्या नावाने ओळखली जाते. मूर्तींकडे मान वर करून पाहणाऱ्या मुंबईकरांपैकी मुकुंद रामचंद्र हे नाव ठाऊक असणारे थोडेच.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. पुण्याच्या महाविद्यालयातून १८८३ साली पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्यामुळे त्यांना १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात असिस्टंट इंजिनिअरची जागा मिळाली. नाशिक व खानदेश येथे आरंभ करून त्यांनी सक्करच्या पाणीपुरवठ्याचे काम तडीस नेले. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी गटपद्धती सुचविली. तीत जमिनीचे गट पाडून प्रत्येक गटाच्या एका भागात ऊस व उरलेल्या भागांत हंगामी पिके आळीपाळीने घ्यावयाची होती, म्हणजे तेच पाणी अधिक गावांना पुरावे. खानदेशातील पांझरा, मोसम इत्यादी नद्यांवरील बंधाऱ्यांवर शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालविलेल्या फडपद्धतीशी या योजनेचे साम्य सहज ध्यानात येते. खडकवासल्याच्या तलावावर बसविलेले स्वयंचलित दरवाजे ही त्यांची दुसरी महत्त्वाची कामगिरी. भिंत न वाढविता सांडव्यावर अधिक पाणी साठविण्याची सोय त्यामुळे झाली. एवढे होऊनही मुख्य इंजिनिअरच्या पदापर्यंत पोचण्याची शक्यता दिसेना. विश्वेश्वरय्यांनी मुदतीपूर्वी निवृत्ती पत्करली, आणि १९०९ मध्ये म्हैसूर संस्थानाने त्यांना तेच पद दिले. मुंबई इलाख्याने जो माणूस घडविला, त्याच्या कर्तृत्वाचा मोठा भाग अशा रीतीने दुसऱ्या राज्याच्या उपयोगी पडला.

५

खात्याच्या उतरंडीची खूण मराठी भाषेतही उमटली आहे. वरच्या हुद्द्यांची नावे इंग्रजी राहिली. मधल्या व खालच्या स्तरावरील शब्द मात्र निरनिराळ्या काळांचे थर दाखवितात. ‘मिस्त्री’ हा पोर्तुगीजांकडून आलेला, ‘मुकादम’ अरबीतून आलेला, तर ‘पाटकरी’ हा देशी शब्द, पाटाच्या पाण्याबरोबर शेताशेतातून फिरणाऱ्या माणसाचा. ‘बिगारी’ या शब्दाचा प्रवास विशेष उद्बोधक आहे. वेठबिगार म्हणजे मोबदल्यावाचून सक्तीने घेतलेले काम. रोजंदारी रीतसर मिळू लागल्यावरही अकुशल मजुराला हेच नाव चिकटून राहिले. मजुरी बदलली, तरी त्या माणसाकडे पाहण्याची दृष्टी बदलली नाही, असे यावरून अनुमान करण्यास हरकत नाही. उलट ‘ब्रास’ हे शंभर घनफुटांचे माप वडारांच्या व गाडीवानांच्या तोंडी गेले आणि तेथे इतके रुळले की, ते परके आहे याची आठवणही राहिली नाही. हुद्द्यांची नावे खाली झिरपली नाहीत. मापांची मात्र झिरपली, कारण मजुरीचा हिशेब त्यांतच होत असे.

या सर्व पुराव्याचा एकत्र विचार केला असता असा निष्कर्ष निघतो की, बांधकाम खात्यातील भेदाची रेषा एकाच तत्त्वावर स्थिर नव्हती. ती आधी भाषेच्या, नंतर शिक्षणसंस्थेच्या व शेवटी नेमणुकीच्या स्थळाच्या आधारे आखली गेली. तिचे कार्य मात्र एकच राहिले. ज्याने काम मोजले त्याला सहीचा अधिकार मिळू नये, हे ते कार्य होय. १८२३ च्या शाळेत मराठीतून भूमिती शिकणाऱ्या मुलांपुढे निदान तत्त्वतः दुसरी एक वाट होती. ती १८३२ मध्ये बंद झाली, आणि तिची किंमत खात्याने चुकविली त्याहून कितीतरी अधिक हजेरीपटावरील माणसांनी चुकविली. म्हणून या खात्याचा इतिहास लिहिणाऱ्याने वास्तूंच्या कोनशिलांइतकेच लक्ष मोजमापाच्या वह्यांकडे व त्या भरणाऱ्या हातांकडे दिले पाहिजे.