विश्वासघातानंतर संसार पुन्हा उभा करताना : आधार कुठे आणि कसा शोधावा?

रविवारी दुपारी घरात बैठक बसते. दोन्हीकडचे मामा-काका, वस्तीतले दोन-चार जाणते, एखादा कार्यकर्ता. नवऱ्याचे बाहेर संबंध असल्याचे बायकोला त्याच्या मोबाईलवरून कळलेले असते. तास-दीड तास आवाज चढतात. मग तो सगळ्यांसमोर "पुन्हा होणार नाही" म्हणतो, तिला "लेकरांकडे बघ" असे सांगितले जाते, चहा होतो आणि प्रकरण मिटले असे समजून सगळे उठतात.

समाजकार्य करताना अशा बैठकांनंतरची घरे मी पाहिली आहेत. दार लागल्यावर ती दोघे पुन्हा तिथेच असतात, फक्त आता गोष्ट सगळ्या वस्तीला माहीत झालेली असते. बैठक निवाडा देते, आधार देत नाही. ज्यांना संसार मोडायचा नाही त्यांना निवाड्यापेक्षा आधाराची गरज जास्त असते. हा लेख अशा जोडप्यांसाठी आहे, आणि त्यांनी ज्यांचे दार पहिल्यांदा ठोठावले त्या कार्यकर्त्यांसाठीही. फसवणूक नवऱ्याकडून झालेली असो वा बायकोकडून, पुढील बहुतेक गोष्टी दोघांनाही लागू आहेत.

आधी धक्का ओळखा

विवाहबाह्य संबंध उघड झाल्यावर फसवणूक झालेल्या व्यक्तीची झोप उडते, जेवण जात नाही, तेच तेच प्रश्न ती पुन्हा विचारते. घरचे म्हणतात, "किती दिवस तेच धरून बसणार?" हा हट्ट नसतो, हा आघात असतो. डोनाल्ड बॉकम, डग्लस स्नायडर आणि क्रिस्टिना गॉर्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी अशा जोडप्यांच्या समुपदेशनाचे तीन टप्पे मांडले आहेत : आधी धक्का सावरणे, मग हे का घडले ते समजून घेणे आणि शेवटी पुढे काय करायचे ते ठरवणे. आपल्याकडची बैठक पहिले दोन टप्पे ओलांडून एका दुपारी तिसऱ्यावर पोहोचते. म्हणून ते 'मिटणे' टिकत नाही.

पहिल्या काही आठवड्यांत कायमचा निर्णय घेण्याची घाई करू नका. "सध्या मी काहीच ठरवलेले नाही" हेही एक उत्तर आहे.

दोन-तीन माणसे पुरेत

सगळ्यांना सांगावेसे वाटते, आणि कोणालाच सांगू नये असेही वाटते. मधला मार्ग म्हणजे दोन-तीन माणसे विचारपूर्वक निवडणे. निवडताना हे प्रश्न स्वतःला विचारा :

- ही व्यक्ती ऐकलेले स्वतःजवळ ठेवेल का?
- मी राहायचे ठरवले किंवा निघायचे ठरवले, दोन्ही वेळी ती माझ्यासोबत असेल का?
- माझ्या जोडीदाराचा सूड घेण्याची घाई तिला नाही ना?

आईवडिलांना सांगताना थोडा विचार करावा. लेक पुढे माफ करते, पण माहेरचे वर्षानुवर्षे माफ करत नाहीत आणि जावयाचे त्या घरात येणे-जाणे बंद होते. मुलांना मात्र यात कधीही निरोप्या किंवा साक्षीदार करू नये. "आईबाबांमध्ये अडचण आहे, ती तुमच्यामुळे नाही," एवढे त्यांना पुरे.

प्रशिक्षित मदत कुठे मिळते?

*महिला व मुलांसाठी विशेष कक्ष.* टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी १९८४ मध्ये हे काम सुरू केले आणि पुढे ते राज्यातील जिल्ह्यांत पोहोचले. कक्ष पोलिसांच्या आवारात असला तरी तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसतात. बोलायला गेले म्हणजे गुन्हा नोंदवावाच लागतो असे नाही. फी नसते.

*कौटुंबिक न्यायालयातील विवाह समुपदेशक.* १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानुसार शक्य असेल तिथे समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे. समुपदेशकाशी झालेले बोलणे गोपनीय मानले जाते.

*जिल्हा विधी सेवा प्राधिकरण.* १९८७ च्या कायद्यानुसार सर्व महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. हेल्पलाइन १५१००.

*टेली-मानस.* केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्य सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ वर चोवीस तास, मराठीतूनही बोलता येते. जगणे नकोसे वाटत असेल तर वाट न पाहता हा क्रमांक लावा आणि जवळच्या माणसाला सोबत बोलावून घ्या.

*आरोग्य तपासणी.* हा विषय लाजेने टाळला जातो. सरकारी रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात एचआयव्ही चाचणी मोफत आणि गोपनीय होते. माहितीसाठी १०९७. दोघांनीही तपासणी करावी आणि ती होईपर्यंत निरोध वापरावा.

समुपदेशकाकडे पहिल्याच भेटीत विचारा : आमच्यातले बोलणे गुप्त राहील का? दोघांना वेगवेगळा वेळ द्याल का? "बाईनेच सांभाळून घ्यायचे असते" असे सांगणारा समुपदेशक भेटला तर दुसरा शोधा.

कायद्याचे चार मुद्दे

एक, व्यभिचार आता फौजदारी गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ रद्द केले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते नाही. "आत टाकू" ही धमकी त्यामुळे पोकळ आहे.

दोन, घटस्फोटाचे ते कारण मात्र आजही आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू होतो आणि त्याच्या कलम १३ मध्ये ते नमूद आहे.

तीन, त्याच कायद्याच्या कलम २३ नुसार, जोडीदाराचे ते कृत्य माफ केलेले असेल तर त्याच कृत्यावर नंतर घटस्फोट मागता येत नाही. म्हणून बैठकीत घाईने 'माफ केले' असे लिहून सही करू नये. आधी वकिलाला विचारावे.

चार, मारहाण, धमक्या, पैशांची कोंडी किंवा सततचा मानसिक छळ असेल तर आधी सुरक्षितता, संसाराची पुनर्बांधणी नंतर. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते. महिला हेल्पलाइन १८१, तातडीची मदत ११२.

ज्याच्याकडून चूक झाली, त्याला काय करावे लागते?

त्यालाही आधार लागतो, पण तो सबबी पुरवणारा नसावा. बाहेरचा संबंध पूर्ण थांबवणे ही पहिली अट. अर्धे सत्य आज आणि उरलेले तीन महिन्यांनी, असे करू नये. प्रत्येक नव्या तपशिलासोबत जखम पुन्हा पहिल्या दिवसावर येते. प्रश्नांची उत्तरे न चिडता द्यावीत. फोन, पैसे, येण्या-जाण्याच्या वेळा काही काळ स्वतःहून उघड ठेवाव्यात. मात्र ही मुदतीची व्यवस्था असावी आणि दोघांनी मिळून ठरवलेली असावी. आयुष्यभर पाळत ठेवून विश्वास परत येत नाही.

"घरात आमचे पटत नव्हते" हे खरे असू शकते. न पटण्याची जबाबदारी दोघांची असेल, फसवण्याचा निर्णय मात्र एकट्याचा असतो.

कार्यकर्त्यांनो, आपले काम काय?

पंचशीलातले तिसरे शील आपण विहारात एकत्र ग्रहण करतो. सिगालोवाद सुत्तात एकनिष्ठा नवऱ्याच्या कर्तव्यांत आहे आणि बायकोच्याही. तरीही प्रत्यक्षात नवऱ्याची चूक 'पाय घसरला' ठरते आणि बायकोची चूक खानदानाची बेअब्रू. समतेची भाषा बोलणाऱ्यांनी हे दुटप्पी माप आधी स्वतःच्या मंडळात तपासावे.

आपल्याकडे कोणी आले तर ऐकावे. सुरक्षित आहे का, राहायला जागा आहे का, हातात पैसे आहेत का, हे विचारावे. वरच्यापैकी योग्य ठिकाणी सोबत न्यावे. तिसऱ्या व्यक्तीच्या घरी मोर्चा नेऊ नये. चॅटचे स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नयेत. विहारात, मंडळात, लग्नकार्यात त्या कुटुंबाला वाळीत टाकण्याचा ठराव तर मुळीच होऊ देऊ नये. २०१६ च्या कायद्यानुसार महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा आहे आणि त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

सगळे संसार पुन्हा उभे राहत नाहीत, आणि ते राहिलेच पाहिजेत असेही नाही. माझ्याकडे आलेली एक ताई सहा महिन्यांनी म्हणाली, "मॅडम, मी राहायचं ठरवलं. पण या वेळी मी ठरवलं." वेगळे व्हायचे ठरवून समाधानाने गेलेल्या बायकाही मी पाहिल्या आहेत. दोघींनाही उपयोगी पडले ते एकच : त्यांच्या वतीने निर्णय न घेता त्यांच्याजवळ बसलेले एखादे माणूस. पुढच्या रविवारी तुम्हाला बैठकीचे बोलावणे आले, तर जा. पण आधी तिला आणि त्याला वेगवेगळे भेटून विचारा की ही बैठक तुम्हाला हवी आहे का.