डागडुजी आणि वेग : होंडा सिव्हिकच्या वाचकांचा इतिहास

यंत्रांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा निर्मात्यांचा इतिहास लिहितो. कारखाना केव्हा उभा राहिला, कोणते मॉडेल केव्हा आले, त्याचा खप किती झाला, यांवर पाने खर्ची पडतात. विकली गेल्यानंतर ती वस्तू कोणी उघडली, कोणी दुरुस्त केली, कोणी तिच्यात आपल्या पदरचे काही घातले, याची नोंद क्वचितच होते. साहित्याच्या अभ्यासकाला ही उणीव चटकन जाणवावी. ग्रंथाचा इतिहास ग्रंथकाराच्या लेखणीपाशी संपत नाही. लेखकू, टीकाकार, पाठभेद आणि प्रक्षेप हेही त्याचे घटक असतात. एकनाथांना १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करावी लागली, ती मधल्या तीन शतकांत अनेक हातांनी तो ग्रंथ हाताळला होता म्हणूनच. प्रस्तुत लेखात एका स्वस्त मोटारगाडीच्या अशा 'हाताळणाऱ्यां'चा विचार करायचा आहे. गाडी होंडा सिव्हिक, स्थळ दक्षिण कॅलिफोर्निया, आणि काळ साधारणपणे विसाव्या शतकाची शेवटची पंधरा वर्षे.

या विषयाची लोकप्रिय प्रतिमा एका चित्रपटाने घडवली. २००१ साली रॉब कोहेन दिग्दर्शित 'द फास्ट अँड द फ्युरियस' प्रदर्शित झाला. न्यूयॉर्कमधील रस्त्यावरच्या शर्यतींवर केन ली यांनी १९९८ साली 'व्हाइब' मासिकात लिहिलेला 'रेसर एक्स' हा लेख त्याचा आधार होता; चित्रपटाने ते जग लॉस एंजेलिसला आणले. त्याच्या आरंभीच काळ्या सिव्हिक गाड्या, खाली हिरवा निऑन प्रकाश घेऊन, एक मालट्रक लुटताना दिसतात. वेग, धाडस आणि गुन्हा या तीन रंगांत हे चित्र रंगले आणि जगभर पसरले. त्यात अर्थातच तथ्य होते. परंतु जे त्यात मावले नाही, तेच या छंदाचे मर्म होते, असे मला वाटते. हा छंद आधी डागडुजीचा होता. वेग तिच्या पोटी जन्माला आला.

स्वस्त गाडी उघडून तिला वेगवान करण्याची परंपरा कॅलिफोर्नियात जुनीच. फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी निघाली, आणि १९३२ मध्ये फोर्डनेच सामान्यांना परवडेल असे आठ सिलिंडरांचे इंजिन आणले. या जुन्या गाड्या आणि हे इंजिन यांच्या संयोगातून 'हॉट रॉड' जन्मली. लॉस एंजेलिसच्या उत्तरेकडील म्युरॉकच्या कोरड्या सरोवरात तरुण मुले वेग मोजत. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी मिळून 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन' स्थापन केली. १९४८ च्या जानेवारीत 'हॉट रॉड' मासिक निघाले. या परंपरेचे सूत्र साधे होते : गाडी मुबलक हवी, स्वस्त हवी, आणि एकीचा भाग दुसरीला बसायला हवा. पन्नास वर्षांनी हे तीनही गुण एका जपानी गाडीत एकत्र आले.

होंडाने अमेरिकेतील आपले पहिले दुकान १९५९ साली लॉस एंजेलिसच्या पिको बुलेव्हार्डवर उघडले, तेव्हा तेथे मोटारसायकली विकल्या जात. पुढे कंपनीचे अमेरिकी कार्यालय गार्डिना या उपनगरात गेले. गार्डिना ही जपानी-अमेरिकनांची जुनी वस्ती. १९४२ मध्ये ज्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना सरकारने छावण्यांत डांबले, त्यांतील अनेक कुटुंबांनी युद्धानंतर या परिसरात पुन्हा घरे उभारली. सिव्हिक अमेरिकेत १९७३ साली आली. १९७५ च्या सिव्हिकमधील सीव्हीसीसी इंजिनाने नव्या स्वच्छ हवा कायद्याचे निकष कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवाय पूर्ण केले. तेलाच्या टंचाईच्या त्या काळात ही लहान, काटकसरी गाडी मध्यमवर्गीय घरांत शिरली, आणि दहा-पंधरा वर्षांनी त्या घरांतल्या मुलांच्या हाती आली. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर आलेल्या कोरियन, चिनी, फिलिपिनो, व्हिएतनामी कुटुंबांचीही हीच गोष्ट.

मात्र हा वारसा निरुपद्रवी नव्हता. १९८० च्या आसपास अमेरिकी मोटार-उद्योगात मंदी होती आणि तिचे खापर जपानवर फोडले जात होते. १९८१ मध्ये अमेरिकेच्या दडपणाखाली जपानने आपली मोटार-निर्यात स्वतःहून मर्यादित केली. मोटार-उद्योगाचे केंद्र असलेल्या डेट्रॉइट परिसरात जून १९८२ मध्ये व्हिन्सेंट चिन या चिनी-अमेरिकन तरुणाला बेसबॉलच्या बॅटने मारहाण करण्यात आली आणि चार दिवसांनी तो मरण पावला. मारणारे दोघे मोटार-उद्योगाशी संबंधित होते, आणि राज्याच्या न्यायालयात त्यांना तुरुंगवास न होता केवळ दंड व प्रोबेशन मिळाले. जपानी गाडीविषयीचा राग आशियाई चेहऱ्यावर निघू शकतो, हे त्या पिढीने असे पाहिले. कॅलिफोर्निया डेट्रॉइटपासून फार दूर. तरी 'राइस बर्नर', म्हणजे भातावर चालणारी गाडी, हा तुच्छतादर्शक शब्द तेथेही सर्रास ऐकू येई. बापाची सिव्हिक घेऊन आठ सिलिंडरांच्या अमेरिकी गाडीशेजारी सिग्नलला थांबणाऱ्या मुलाच्या मनात वेगाखेरीज आणखीही काही असे. १९९० साली फ्रँक चोई यांनी पामडेलच्या धावपट्टीवर केवळ परदेशी बनावटीच्या गाड्यांसाठी 'बॅटल ऑफ द इम्पोर्ट्स' ही शर्यत भरवली, तिचे मोल या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. शर्यत रस्त्यावरून मैदानात आली. शिवाय ज्यांना दुसऱ्यांच्या अंगणात पाहुण्यासारखे उभे राहावे लागे, त्यांना स्वतःचे अंगण मिळाले.

आता गाडीकडे वळू. १९८८ च्या मॉडेलपासून सिव्हिकच्या चारही चाकांना डबल विशबोन पद्धतीचे सस्पेन्शन आले. एरवी ते महागड्या वा शर्यतीच्या गाड्यांत असे. १९८९ मध्ये जपानमधील इंटेग्रा गाडीत होंडाने बी१६ए हे इंजिन बसवले. १.६ लिटरचे हे इंजिन १६० अश्वशक्ती देई. त्यातील व्हीटेक रचनेत झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टवर दोन प्रकारचे उंचवटे असतात : एक शहरातल्या संथ फेऱ्यांसाठी, दुसरा तीव्र गतीसाठी. इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या की तेलाच्या दाबाने एक लहानशी खीळ सरकते आणि कारभार दुसऱ्या उंचवट्याकडे जातो. एकाच यंत्रात दोन स्वभाव. १९९२ ची सर्वांत स्वस्त सिव्हिक ७० अश्वशक्तीची आणि साधारण ९५० किलो वजनाची होती. तिच्यात इंटेग्राच्या घराण्यातले इंजिन फारशी कापाकापी न करता बसे. जपानमधील कायद्याने या कामी नकळत हातभार लावला. तेथे गाडीची सक्तीची तपासणी नवेपणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते, आणि ती खर्चिक असते. त्यामुळे कमी धावलेल्या गाड्याही लवकर मोडीत निघत आणि त्यांची धडधाकट इंजिने जहाजाने कॅलिफोर्नियात येऊन विकली जात.

पण इंजिन बदलण्यापूर्वी जुनी गाडी चालू ठेवावी लागते. या इंजिनांच्या झडपांमधील अंतर फीलर गेजने वेळोवेळी मोजून जुळवावे लागे. टायमिंग बेल्ट वेळेवर न बदलता तुटला, तर पिस्टन झडपांवर आदळून इंजिन कामातून जाई. मागच्या चाकांवरचा पत्रा आतून गंजे. आणि एक खास दुखणे होते मेन रिलेचे. डॅशबोर्डखालची ही लहानशी डबी गाडीच्या संगणकाला आणि इंधनपंपाला वीज पुरवते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आतल्या डाखाला बारीक भेगा पडत, आणि भर उन्हात उभी राहिलेली गाडी चालू होण्यास नकार देई. संध्याकाळी गार झाल्यावर मात्र जणू काही घडलेच नाही अशी सुरू होई. उपाय काही पैशांचा होता. डबी उघडायची, सोल्डरिंगच्या कांबीने सांधे पुन्हा झाळायचे, आणि जागेवर बसवायची.

माझ्या मते या छंदाच्या इतिहासाचा सांधाही येथेच आहे. ज्या हाताने मेन रिले झाळली, त्याच हाताने पुढे संगणक उघडला. १९९२ ते ९५ च्या काही सिव्हिक गाड्यांत पी२८ नावाचा इंजिन-संगणक असे. त्याच्या सर्किट बोर्डवर अठ्ठावीस पायांच्या एका चिपची जागा कारखान्यानेच मोकळी सोडली होती. तेथे सॉकेट आणि दोन-चार किरकोळ भाग झाळले, की बाहेरून लिहिलेली आज्ञावली इंजिनाला देता येई : किती इंधन, ठिणगी केव्हा, व्हीटेक कोणत्या फेऱ्यांवर. हौशी लोकांनी मूळ आज्ञावली ओळीओळीने उलगडली, तिचा अर्थ लावला आणि तो एकमेकांना शिकवला. आपल्याकडे याला 'जुगाड' म्हणण्याचा मोह होईल. पण जुगाडात वेळ निभावण्याला महत्त्व असते, येथे मूळ पाठ समजून घेण्याला होते. भाष्यकाराची ही वृत्ती आहे.

समूहाची स्वतःची समीक्षाही होती, आणि तिची साक्ष भाषेत सापडते. 'राइस बर्नर'मधील अवहेलना उचलून याच मंडळींनी 'राइसर' हा शब्द आपल्यातल्याच एका वर्गासाठी वापरात रुळवला : मोठा पंख, कर्कश सायलेन्सर, भडक चिकटपट्ट्या, आणि आत न बदललेले तेल. बाहेरून आलेली शिवी अंतर्गत अभिरुचीचा निकष बनली. असे शब्द धुऊन निघतात असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. ज्याच्यावर तो फेकला जाई त्याला त्यातला जुना दंश जाणवतच असणार. तरीही निकष कशावर बेतला होता हे लक्षणीय आहे. दोष स्वस्त गाडीला नव्हता, निगा न राखण्याला होता.

या इतिहासाची काळी बाजू वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. सार्वजनिक रस्त्यांवरील शर्यतींत चालक मेले, आणि ज्यांचा या छंदाशी काही संबंध नव्हता असे वाटसरूही मेले. ज्या गुणामुळे एका गाडीचा भाग दुसरीला बसे, त्याच गुणामुळे चोरांचेही फावले. अमेरिकेत सर्वाधिक चोरीला जाणाऱ्या गाड्यांच्या याद्यांत नव्वदच्या दशकातील सिव्हिक पुढे कित्येक वर्षे अग्रभागी राहिली. प्रदूषणाचा प्रश्नही आहेच. कॅलिफोर्नियात बदललेले इंजिन कायदेशीर ठरायचे, तर ते मूळ गाडीच्या सालाचे वा त्यानंतरचे असावे लागते आणि त्याची धूर-नियंत्रणाची सारी उपकरणे जागेवर असावी लागतात. हा नियम जाचक वाटला तरी अन्याय्य नाही. एकाच्या छंदाचा धूर दुसऱ्याच्या फुप्फुसात जाऊ नये, एवढेच तो सांगतो.

खरा वाद वेगळ्याच ठिकाणी आहे. १९९८ च्या अमेरिकी डिजिटल स्वामित्वहक्क कायद्याने आज्ञावलीवरील कुलूप तोडणे बेकायदा ठरवले. गाडीत संगणक आले, तसे हे कुलूप गाडीवरही पडले. गाडी विकत घेतलेल्या माणसाला तिच्यातली आज्ञावली दुरुस्तीसाठी उघडता यावी की नाही, हा प्रश्न काँग्रेसच्या ग्रंथालयापुढे गेला, कारण या कायद्यातून सूट देण्याचा अधिकार त्या संस्थेकडे आहे. २०१५ मध्ये दुरुस्तीसाठी आणि कायदेशीर बदलांसाठी अशी सूट मिळाली. पण ती दर तीन वर्षांनी नव्याने मागावी लागते. मोटारगाडीच्या इंजिनाचे भवितव्य एका ग्रंथालयाच्या स्वाधीन असावे, यात साहित्याच्या विद्यार्थ्याला गंमत वाटेल. पण कायद्याच्या लेखी गाडी खरोखरच एक संहिता झाली आहे, आणि तिच्या वाचनाचा हक्क मुदतीच्या परवान्यावर आला आहे.

'सुपर स्ट्रीट'सारखी या छंदाची मासिके २०१९ पर्यंत छापील रूपातून गेली. ज्या सिव्हिक एके काळी महाविद्यालयीन मुलाच्या खिशाला परवडत, त्यांतल्या धडक्या आता संग्राहकांच्या वस्तू होऊ लागल्या आहेत आणि त्यांच्या किमती वाढल्या आहेत. संग्रहालयात जाणाऱ्या वस्तूचा सन्मान होतो, पण ती उघडली जात नाही. त्या मुलांनी किती सेकंदांत पाव मैल कापला, याच्या नोंदी कोठे ना कोठे राहतील. आपल्या मालकीची वस्तू आपण उघडून वाचू शकतो, हा त्यांना डॅशबोर्डखाली उताणे पडून आलेला विश्वास मात्र नोंदीत मावणारा नाही. तो पुढच्या पिढीला मिळायचा असेल, तर तिच्या हाती उघडता येण्याजोग्या वस्तू असाव्या लागतील.