बिघाडाचा सूर

गेल्या मे महिन्यात नातू सुट्टीला आला आणि आल्या आल्या माळ्यावर चढला. खाली उतरला तो एक जुना पाट घेऊन. "आजोबा, हा मला द्याल? पेडलबोर्ड करायचाय."

पेडल म्हटले की मला एक तर सायकल आठवते, नाहीतर संगीत नाटकातली पायपेटी. त्याने समजावून सांगितले ते असे. इलेक्ट्रिक गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मध्ये लहान लहान डब्या जोडायच्या. प्रत्येक डबी आवाजावर काहीतरी संस्कार करते. कोणी प्रतिध्वनी देते, कोणी आवाज थरथरवते. वादकाचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून डबीची कळ पायाने दाबायची. अशा चार-पाच डब्या एका फळीवर ओळीने बसवल्या की झाला पेडलबोर्ड. त्यातली पहिली डबी, 'फझ' नावाची, तो स्वतः बनवणार होता.

"ती काय करते?"

"आवाज फाडते."

चांगला स्वच्छ आवाज फाडण्यासाठी माणूस वेळ आणि पैसा का घालवेल, हे माझ्या मास्तरी डोक्याला पटेना. जन्मभर इतिहास शिकवला. एखादी गोष्ट कळली नाही की ती सुरू कुठून झाली हे शोधायची खोड आहे. त्या शोधात जे हाती लागले ते इथे मांडतो.

इलेक्ट्रिक गिटार अमेरिकेत १९३० च्या दशकात बाजारात आली. तिच्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्यांचे ध्येय सरळ होते. आवाज मोठा व्हावा, पण स्वच्छ राहावा. फाटला तर तो यंत्राचा दोष. मार्च १९५१ मध्ये आयक टर्नरचा वाद्यमेळ मिसिसिपीहून मेम्फिसला ध्वनिमुद्रणासाठी निघाला. वाटेत विली किझार्ट या गिटारवादकाच्या अ‍ॅम्प्लिफायरचे नुकसान झाले. दुरुस्तीला वेळ नव्हता. सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत स्पीकरमध्ये कागद कोंबून काम भागवले गेले. त्या घरघरत्या आवाजासह 'रॉकेट ८८' निघाले आणि खूप गाजले.

पुढे काहींनी हा अपघात मुद्दाम घडवून आणला. लिंक रे याने स्पीकरच्या कागदी पडद्याला पेन्सिलीने भोके पाडली आणि १९५८ मध्ये 'रंबल' वाजवले. त्यात एकही शब्द नाही, तरी काही रेडिओ केंद्रांनी ते लावायला नकार दिला. १९६४ मध्ये लंडनच्या 'किंक्स'मधल्या सतरा वर्षांच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरवर चक्क दाढीचे ब्लेड चालवले. 'यू रियली गॉट मी' हे गाणे इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले.

पण डबीचा जन्म झाला तो नॅशव्हिलला, आणि त्या गोष्टीने मला विचारात पाडले. मार्टी रॉबिन्स या गायकाचे 'डोन्ट वरी' हे गाणे ध्वनिमुद्रित होत होते. ग्रेडी मार्टिनचे सहा तारांचे बास गिटार मिश्रणयंत्राच्या ज्या मार्गाने जात होते, त्यातला एक ट्रान्सफॉर्मर बिघडला. गाणे संथ आणि गोड, आणि मधेच हे वाद्य भुंग्यासारखे गुरगुरू लागले. कोणीही म्हटले असते, थांबा, पुन्हा घेऊ. तिथल्या मंडळींनी ते तसेच ठेवले. १९६१ मध्ये गाणे अमेरिकेच्या कंट्री संगीताच्या यादीत पहिले आले.

मग इतर कलावंत तोच आवाज मागू लागले. पण तो बिघडलेला भाग तोवर पुरताच निकामी झाला होता. म्हणजे यंत्र दुरुस्त करायचे नव्हते, बिघाड पुन्हा बनवायचा होता! ध्वनिमुद्रणाचा अभियंता ग्लेन स्नॉडी याने एका सहकाऱ्याच्या मदतीने तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर वापरून तसाच आवाज काढणारे मंडल तयार केले. ते त्याने गिब्सन कंपनीला दिले आणि १९६२ मध्ये 'माएस्ट्रो फझ-टोन' ही पायाने चालवायची डबी बाजारात आली.

ती फारशी खपली नाही. कंपनी सांगत होती, ही घ्या म्हणजे तुमची गिटार ट्रम्पेटसारखी, ट्रॉम्बोनसारखी, चेलोसारखी वाजेल. हा आवाज स्वतःच नवा आहे, असे विकणाऱ्यांनाही वाटले नव्हते. मे १९६५ मध्ये 'रोलिंग स्टोन्स'च्या कीथ रिचर्ड्सने 'सॅटिस्फॅक्शन'साठी ती डबी वापरली, तीही कच्चा आराखडा म्हणून. नंतर त्या जागी खरे पितळी सुषिरवाद्यांचे वादक आणायचे त्याच्या मनात होते. ते राहून गेले, डबीचाच आवाज जगभर पोचला, आणि त्या वर्षअखेर दुकानात एकही फझ-टोन उरली नाही.

इंग्लंडात ही विद्या घरगुती कारागिरांच्या हाती गेली. रॉजर मेयर नावाचा तरुण नौदलाच्या संशोधन विभागात ध्वनी आणि कंपनांवर काम करी आणि फावल्या वेळात ओळखीच्या वादकांना फझच्या डब्या करून देई. पुढे जिमी हेंड्रिक्सलाही त्याने डबी दिली. १९६६ मध्ये लंडनला 'फझ फेस' निघाली. तिच्या पोटात काय असावे? दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि फिरवायच्या दोन बटणांचे दोन पोटेन्शिओमीटर. एकूण अकरा भाग. एवढे तर शाळकरी पोरही जोडू शकते, आणि तेव्हापासून जगभरची पोरे ते जोडत आली आहेत.

आमच्या नातवाने तेच केले. किरकोळ सामान त्याने पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणले. जर्मेनियमचे दोन ट्रान्झिस्टर मात्र माझ्या बंद पडलेल्या रेडिओतून काढले. नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेला रेडिओ तो. काढताना त्याने परवानगी मागितली, मी दिली, आणि तरीही काही वेळ दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो.

पहिला प्रयोग फसला. प्लॅस्टिकच्या डब्यात बसवल्यामुळे गिटारपेक्षा ट्यूबलाइटची गुणगुणच जास्त ऐकू येई. धातूची डबी घेऊन तिला अर्थिंग जोडल्यावर ती थांबली. दुसरी अडचण अशी की या जातीच्या ट्रान्झिस्टरची धन-ऋण जोडणी इतर डब्यांच्या उलटी असते. सगळ्यांना एकच अडॅप्टर दिला तर शॉर्ट होणार. म्हणून पाटावर हिला एकटीला वेगळी नऊ व्होल्टची बॅटरी. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही, त्यामुळे सकाळी जमलेला आवाज भर दुपारी बदलायचा. शिवाय हिला रांगेत पहिली जागा लागते, गिटारला अगदी लागून. प्रतिध्वनीची डबी शेवटी. पाटाला भोके पाडून त्याने तारा खालून नेल्या. जेवणाच्या पंगतीसारखीच ही मांडणी. कोण कुठे बसणार हे ठरलेले आणि एकाला सोवळ्यात वेगळे वाढायचे.

आवाज फाटतो म्हणजे काय, तेही त्याने कागदावर काढून दाखवले. ध्वनीची लहर म्हणजे डोंगर आणि दऱ्या. ट्रान्झिस्टरला पेलवेल त्याहून मोठी लहर दिली की डोंगरांचे माथे सपाट कापले जातात. त्या कापाकापीतून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाची कंपने त्यात मिसळतात आणि स्वर भरदार होतो.

हे ऐकताना मला तंबोरा आठवला. आपण घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतो, ती कशासाठी? तार घोडीला हलकेच घासावी आणि झणझण यावी म्हणून. त्या झणझणीतच वरची कंपने फुलतात, आणि खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला स्वयंभू गंधार ऐकू येतो. मिरजेचे कारागीर पिढ्यान्पिढ्या घोडी घासून हेच साधत आले. दोन्हींची रीत वेगळी. पण निव्वळ स्वच्छ आवाज मानवी कानाला पुरत नाही, हे आपल्याकडे केव्हाच माहीत होते. मलाच ते शाळेत आठवले नाही.

शाळेत म्हणजे असे. चाळीसेक वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या लाउडस्पीकरचा आवाज पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी फाटू लागला. चौकशी केली तर नववीतल्या एका मुलाने तो उघडला होता. तो लपला नाही. उलट आनंदाने म्हणाला, "सर, बघा ना कसा वाघासारखा आवाज येतोय!" मी त्याच्या कानाखाली वाजवली. वडिलांना बोलावून दुरुस्तीचे पैसे घेतले. त्यांना ते जड गेले हे दिसत होते. त्या मुलाने पुन्हा कशाला हात लावलेला मी पाहिला नाही.

तो मोठा कारागीर झाला असता असे मी म्हणत नाही. लाउडस्पीकर दुसऱ्या दिवशी लागणार होता आणि शिस्त हवीच. पण वह्यांवर लाल शाई फिरवता फिरवता चूक दिसली की ती पुसायची, एवढेच माझ्या हाताला कळत गेले. नॅशव्हिलच्या त्या खोलीत माझ्यासारखा एक मास्तर असता, तर तो ट्रान्सफॉर्मर बदलला गेला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती.

नातू पाट घेऊन परत गेला. जायच्या आधी त्याने मला गिटारची एक तार छेडायला लावली आणि स्वतः पायाने कळ दाबली. खोली भरून गेली. मी विचारले, "कसा रे काढलास हा आवाज?" तो पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. हाच प्रश्न त्या मुलालाही विचारता आला असता. एवढा वेळ तर होता माझ्याकडे.