पिल्लू, पेटी आणि रात्रीचे दोन

कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं की पहिल्याच रात्री दोन सल्ले मिळतात. पहिला, आधी कुत्रा पाळलेल्या मित्राचा: "क्रेटमध्ये ठेव, दार लाव. रडेल रडेल आणि गप्प बसेल." दुसरा, शेजारच्या आजींचा: "रात्रीचं कुत्रं रडणं चांगलं नसतं हो. काहीतरी करा त्याचं." ठाण्या-डोंबिवलीच्या सोसायट्यांत हे दोन्ही सल्ले एकाच जिन्यावर ऐकू येतात.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने नुकतंच पिल्लू आणलं आणि मला विचारलं, "ही क्रेटची भानगड मुळात आली कुठून?" मला तेवढं निमित्त पुरलं. जुना कोड असो की जुना सल्ला, तो कुणी, कशासाठी लिहिला हे कळलं की तो कुठे चालणार नाही हेही कळतं.

तर आधी पेटी. आपल्या भागात तिचा माग काढायचा तर रेल्वेपाशी जावं लागतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, १ मे १८५४ ला रूळ कल्याणला पोचले. रेल्वेच्या कारभारात कुत्र्यांसाठीही नियम झाले आणि गार्डाच्या डब्यात 'डॉग बॉक्स' नावाचा कप्पा आला. लांब पल्ल्याच्या गाड्यांत तो अजूनही असतो. काम एकच, कुत्र्याला इथून तिथे न्यायचं. विलायतेत १८५९ मध्ये न्यूकॅसलला श्वानप्रदर्शन भरलं आणि मग प्रदर्शनांची लाटच आली. कुत्रे दूरदूरहून येणार, गर्दीत आपली पाळी येईपर्यंत थांबणार, म्हणजे पेटी हवीच. पुढे मोटारी आल्या, विमानं आली. पेटी राहिली ती प्रवासाचीच.

ती दिवाणखान्यात आली अमेरिकेत, साधारण १९७०-८० च्या दशकांत. प्रदर्शनवाल्यांची सवय घरगुती कुत्र्यांपर्यंत पोचली आणि सोबत एक समर्थनही आलं: कुत्रा हा मुळात गुहेत राहणारा प्राणी, त्याला पेटी आवडतेच. हे अर्धंच खरं आहे. लांडगे बिळाचा उपयोग करतात तो मुख्यतः पिल्लं लहान असताना. त्या बिळात आई असते, भावंडं असतात, आणि बिळाला दार नसतं! खरा भाग एवढाच की पिल्लू झोपायची जागा शक्यतो घाण करत नाही, म्हणून शी-शूची शिस्त लावायला पेटी उपयोगी पडते.

आता रडणं. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरला जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि १९६५ मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक काढलं. पिल्लांचं ओरडणं तिथे चक्क मोजलं गेलं. पिल्लू एकटं असलं की ओरडतं, आणि अनोळखी जागी एकटं असलं तर कितीतरी जास्त ओरडतं. आपण पहिल्या रात्री नेमकं काय करतो? आई-भावंडांपासून तोडलेलं पिल्लू अनोळखी घरात, अनोळखी पेटीत, एकटं. म्हणजे प्रयोगातली सगळ्यात वाईट मांडणीच झाली की!

१९७८ मध्ये याक पँकसेप आणि सहकाऱ्यांनी (त्यांत हेच स्कॉट होते) दाखवलं की मॉर्फिनच्या अगदी लहान मात्रेने पिल्लांचं हे रडणं कमी होतं. वेदनेवर चालणारं औषध एकटेपणावरही चाललं. म्हणजे हे रडणं 'नाटक' नव्हे. मेंदूत वेदना आणि विरह बहुधा शेजारी शेजारीच राहतात.

गंमत म्हणजे 'रडू द्या, सवय होईल' हा सल्ला कुत्र्यांच्या आधी माणसांच्या बाळांना लागू झाला होता. डॉ. होल्ट यांचं १८९४ चं बालसंगोपनाचं पुस्तक आणि १९२८ मधलं जॉन वॉटसनचं पुस्तक, दोन्हींचा सूर हाच: फार कुशीत घ्याल तर मूल बिघडेल. मग १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी जॉन बोल्बीने अहवाल लिहिला, १९५८ मध्ये हॅरी हार्लोने माकडांच्या पिल्लांवरचे प्रयोग मांडले, आणि बाळांच्या बाबतीत वारं फिरलं. पिल्लांचा सल्ला मात्र बराच काळ जुन्याच आवृत्तीवर चालू राहिला. त्यातही अपवाद होते. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्कीट मठातले, जर्मन शेफर्ड पाळणारे साधू १९७८ च्या पुस्तकातच सांगत होते की कुत्र्याला आपल्या झोपायच्या खोलीत झोपू द्या.

आपल्याकडे हा प्रश्न जुना नाही, कारण पिल्लू एकटं कधी नसायचंच. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे, खंडोबाबरोबर कुत्रा, आणि गल्लीत वाळूच्या ढिगावर आईला चिकटून झोपलेली पाच-सहा पिल्लं. कुत्रा आळीचा असे. तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत एकटं पिल्लू हे अलीकडचं चित्र, आणि भिंतीपलीकडे पहाटेची लोकल पकडणारं कुटुंब हेही. सकाळी पाचला उठणाऱ्याची झोप हा काही किरकोळ मुद्दा नाही.

कायद्याने दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. २०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार दोन महिन्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. प्राणी मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की भुंकतो म्हणून सोसायटी कुत्र्यावर बंदी घालू शकत नाही, पण रात्री तो शांत राहावा यासाठी मालकाने प्रयत्न करावेत. आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये! रिक्षाभाड्याएवढा. स्वीडनमध्ये तर कुत्र्याला घरात बंद क्रेटमध्ये ठेवण्यावरच कडक निर्बंध आहेत.

मग सहकाऱ्याला मी काय सांगितलं? पेटी फेकू नकोस, फक्त तिची जागा बदल. ती हॉलमध्ये नको, तुझ्या पलंगाला लागून ठेव, हात खाली सोडला की पिल्लाला लागेल अशी. दिवसा दार उघडं ठेवून आत खाऊ टाक, त्याचं त्याला जाऊ दे. रात्री दोनला कुईकुई केलं तर बहुधा शू आली आहे. दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांहून जास्त धरू शकत नाही. उचल, बाहेर ने, न खेळता परत आण. मे महिन्यात पेटीवर चादर टाकू नकोस, डोंबिवलीच्या उकाड्यात आत भट्टी होते. पिल्लू रुळलं की पेटी रोज थोडी थोडी दूर सरकव. आणि शेजारच्या आजींना आधीच सांगून ये, "आठवडाभर थोडा त्रास होईल, सांभाळून घ्या." पेढे नेलेस तर उत्तम.

दोन्ही सल्ल्यांपैकी मला आजींचा जास्त पटतो. अशुभ वगैरे सोडा, पण "काहीतरी करा त्याचं" हे मात्र शंभर टक्के बरोबर आहे.